पुढच्या दाराची बेल

मलकपेठला आम्ही एका खोलीत राहायचो तेव्हा आमची वीज घरमालकाच्या खिशात असायची. खरंच खिशात. जेवणं झाली की तो मीटरपाशी यायचा, चिनी मातीचा फ्यूज उपसायचा आणि शर्टाच्या खिशात टाकून वरच्या मजल्यावर निघून जायचा. भाडेकरूंनी रात्रभर पंखा चालवू नये म्हणून. उन्हाळ्यात आम्ही ओली फडकी अंगावर घेऊन झोपायचो. बाबा अफझलगंजच्या बाजारात हमाली करायचे. आई लोकांकडे भांडी घासायची. दोघंही नांदेडकडून आलेले आणि शाळा दोघांनीही बाहेरूनच पाहिलेली.

आईचा आवाज मात्र दणदणीत. तिनं हाक मारली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो. "अगं, घरात हायेत आम्ही, डोंगरावर नाही," असं माझा भाऊ म्हणायचा. ती हसायची आणि पुढची हाक तशीच मारायची.

एवढासा तुकडा काढून नेला की अख्ख्या घराचा उजेड जातो, याचं मला कोडं वाटायचं. ते सोडवत सोडवत मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर झाले. बराचसा अभ्यास अफझलगंजच्या लायब्ररीत केला, कारण तिथले पंखे कुणी बंद करत नसे. आमच्या घराण्यातली पहिली डिग्री माझी. हे मी संधी मिळेल तिथं सांगते. इथंही सांगून घेतलं.

आता मी हैदराबादेत एका स्मार्ट होम कंपनीत काम करते. स्मार्ट होम म्हणजे घरातले दिवे, पंखे, दारं यांची एकमेकांशी आणि मालकाच्या फोनशी ओळख करून देणं. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात माझा निम्मा वेळ शिडीवर आणि उरलेला लोकांना समजावण्यात जातो. ही हकिकत तारनाक्याच्या एका घराची आहे आणि काम अगदी साधं होतं: दारावरची जुनी बेल एका सेन्सरला जोडायची.

फोन पुण्याहून आला होता. श्रीकांत नावाचा माणूस, आयटीत. त्याची आई, मालतीकाकू, तारनाक्याच्या घरात एकटी राहते. जुन्या निजामी मुलखातलं मराठी कुटुंब. काकू रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या. हल्ली ऐकायला कमी येतं. कानातलं मशीन आहे, पण घातलं की डोकं दुखतं म्हणून ते डबीत असतं. मागच्या महिन्यात कुणीतरी बराच वेळ बेल वाजवली, दार उघडलं नाही, शेजारी घाबरले आणि त्यांनी कडी तोडली. आत काकू टीव्हीसमोर आरामात शेंगा सोलत होत्या.

"ही शेवटची संधी आहे," श्रीकांत म्हणाला. "हे जमलं तर आई तिथं राहील. नाहीतर मी तिला पुण्याला आणतो आणि घर भाड्यानं देतो. तिला यायचं नाही, पण दर वेळी कडी तोडायला शेजारी कुठून आणू? तुमचे इंजिनियर कधी येतील?"

"उद्या सकाळी."

"त्यांचा नंबर द्या ना."

"याच नंबरवर बोला. मीच आहे."

"अच्छा," तो म्हणाला. हे 'अच्छा' मला पाठ आहे.

काकूंनी दार उघडलं ते मी खिडकीतून हात हलवल्यावर. गोऱ्या, बारीक, केस पांढरे आणि डोळे तल्लख. मला आणि माझ्या शिडीला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तू चढणार?"

"हो."

"मग मी शिडी धरते. मला ऐकू येत नाही, हात चांगले आहेत."

घर त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं. पुढं व्हरांडा, बाजूनं अरुंद बोळ, बोळाच्या शेवटी स्वयंपाकघराचं मागचं दार. बेल पुढच्या दाराला. चिमणीसारखी चिवचिव करणारी. म्हातारपणी आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणजे काकूंना जो आवाज सगळ्यात कमी ऐकू येतो, नेमका तोच दाराला बसवलेला.

आमचा उपाय असा होता: कुणी बेल दाबली की हॉल, स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोलीतले दिवे लुकलुकणार. श्रीकांतच्या फोनवर मेसेज जाणार. काकूंनी दार उघडलं की दाराचा सेन्सर तेही कळवणार. म्हणजे पुण्यात बसलेल्या माणसाला बेल वाजली आणि दार उघडलं, दोन्ही दिसणार.

लोकांना वाटतं, सेन्सरच्या दोन वायर बेलच्या दोन वायरींना जोडल्या की झालं. इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ तसंच दाखवतात. तिकडे बेलला ट्रान्सफॉर्मर असतो, वायरीत वीज अगदी थोडी. आपल्याकडे बेलच्या बटणात थेट घरातली दोनशेतीस व्होल्टची लाईन येते. सेन्सर बिचारा नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारा. एका क्लायंटनं व्हिडिओ बघून स्वतः जोडला आणि जळालेला सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऑफिसला आणला होता. वर म्हणाला, माल खराब आहे.

म्हणून मध्ये रिले घालायचा. रिले म्हणजे विजेनं दाबलं जाणारं बटण. बेलला वीज मिळाली की रिलेलाही मिळते, आणि तो दुसऱ्या, अगदी वेगळ्या बाजूला दोन टोकं एकमेकांना टेकवतो. सेन्सरला फक्त तेवढंच कळतं: टोकं टेकली. मोठी वीज तिच्या घरी, छोटी वीज हिच्या घरी, मध्ये भिंत. निरोप मात्र पलीकडे जातो.

मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, रिले बसवला, डबी बंद केली. बेल दाबली. दिवे लुकलुकले. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

मी ऑफिसला पोचायच्या आत त्यांचा फोन. फोनवर त्या ओरडूनच बोलतात. "सुजाता, कुणी नाही ग दारात, आणि दिवे वेड्यासारखे करू लागलेत!"

परत गेले. गुन्हेगार सापडायला अर्धा दिवस लागला. बेलच्या बटणात अंधारात दिसावा म्हणून लाल ठिपका होता. तो पेटता राहायला वायरीतून सतत चिमूटभर वीज झिरपते. बेल तेवढ्यानं वाजत नाही. पण माझा रिले नाजूक तब्येतीचा, त्याला तेवढीही पुरायची. ठिपका नसलेलं साधं बटण लावलं, रिले शांत झाला. मी स्वतःवर खूश होऊन तिकीट क्लोज केलं. आमच्याकडे तक्रारीला तिकीट म्हणतात आणि ती मिटली की क्लोज.

पंधरवड्यानं श्रीकांतचा फोन आला. आवाज थंड होता.

"मॅडम, तुमची सिस्टिम मिस करते आहे. आमच्याकडे यादम्मा कामाला येते. आईकडे वर्षानुवर्षं आहे. ती म्हणते, या आठवड्यात ती दोनदा आली, दार उघडलं नाही, परत गेली. मी ॲप बघितलं. त्या दोन्ही सकाळी बेलची एकही नोंद नाही. सकाळी आईला चक्कर आली आणि दारात यादम्मा असूनही कुणाला कळलं नाही, तर? मी या महिन्याअखेर येतोय. आईचं सामान बांधायला."

मी तारनाक्याला गेले. बेल हळू दाबून पाहिली, जोरात दाबून पाहिली, बोळातून येऊन दाबून पाहिली. प्रत्येक वेळी नोंद. बॅटरी नवी, सिग्नल उत्तम. काकू स्वयंपाकघरातून दर वेळी येऊन दार उघडत होत्या आणि दर वेळी मीच दिसले की हसत होत्या. नंतर हसेनाशा झाल्या. "श्रीकांत म्हणतो मीच बघत नाही दिव्याकडे," त्या म्हणाल्या. "मला वेडी ठरवायला निघालाय. पुण्याला सोळाव्या मजल्यावर राहतो. मी तिथं कुणाशी बोलू? लिफ्टशी?"

ऑफिसात आमचे बॉस, वेणू सर. माणूस चांगला, पण घाईत जन्मलेला.

"सुजाता, काढून आण सगळं. रिफंड दे. तिकीट क्लोज."

"सर, सिस्टिम बरोबर आहे."

"क्लायंट म्हणतो मिस करते. लॉग रिकामा आहे."

"लॉग रिकामा आहे म्हणजे बेल वाजलीच नसेल."

"मग ती बाई खोटं बोलते?"

"तसं मी म्हटलं नाही. मला उद्याची सकाळ द्या."

"सकाळ घे. दुपारी सामान गाडीत पाहिजे."

दुसऱ्या दिवशी यादम्मा यायच्या आधीच मी जाऊन हॉलमध्ये बसले. काकूंनी चहा केला. सीलिंग फॅन फुल स्पीडवर, टीव्ही चालू, स्वयंपाकघरात मिक्सर नुकताच थांबलेला. काकू मला त्यांच्या ऑफिसातल्या कुणा साहेबाची गंमत सांगत होत्या. मी पुढच्या दारावर नजर ठेवून होते.

आणि मागून हाक आली. "अम्मा! ओ अम्मा!"

मी कप खाली ठेवला. काकू बोलतच होत्या. परत हाक आली, आणखी मोठी. काकूंच्या चेहऱ्यावर काही नाही. दिवे शांत. ॲप शांत.

मी स्वयंपाकघरातून मागचं दार उघडलं. यादम्मा जाळीला हात लावून उभी होती. साठीची, सावळी, कमरेला पदर खोचलेला. चप्पल बोळातच काढून ठेवलेली.

"बेल कायकू नै दबाए, यादम्मा?" मी विचारलं.

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले. "बेल हमारे वास्ते नै है मैडम. वो चुट्टालां के वास्ते."

चुट्टालू म्हणजे तेलुगूत पाहुणे, सोयरे.

"कोन बोले ऐसा?"

"बडे अम्मा बोले थे. पीछे से आव, आवाज देव, बेल को हाथ नक्को." बडे अम्मा म्हणजे काकूंच्या सासूबाई. त्या जाऊन कितीतरी वर्षं झाली. फोटो हॉलमध्ये आहे.

म्हणजे सगळं असं होतं. पूर्वी काकूंना हाक ऐकू यायची, त्या मागचं दार उघडायच्या. कान हळूहळू कमी होत गेले, हाका हळूहळू वाढत गेल्या. ज्या दिवशी काकू स्वयंपाकघरात असतील त्या दिवशी दार उघडायचं. हॉलमध्ये असतील तर नाही. यादम्मा थोडा वेळ थांबायची आणि पुढच्या घरी जायची. 'मी आले होते' हे तिचं खरं. 'कुणी बेल वाजवली नाही' हे ॲपचंही खरं. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

मला आईचा आवाज आठवला. गल्लीच्या टोकाला पोचणारा. आम्ही ज्याची नक्कल करायचो तो. लहानपणी मी तिच्याबरोबर तिच्या कामांवर जायचे. आम्ही बोळातूनच जायचो. मागच्या दाराशी उभी राहून ती "बाई, ओ बाई" अशी हाक घालायची. पंख्याच्या, रेडिओच्या, कुकरच्या वर पोचेल अशी. तिची बेल तिच्या गळ्यातच होती. मला हे सगळं माहीत होतं. मी दोन वेळा या घराचा सर्व्हे केला, वायर न् वायर तपासली, आणि दाराशी कोण कसं येतं हे विचारायचं मला सुचलं नाही. डिग्री मिळाली की माणूस पुढच्या दारानंच विचार करायला लागतो बहुतेक.

पण माझ्याकडे दुपारपर्यंतच वेळ होता, आणि उपाय तर सोपा होता. मागच्या दारापाशी दुसरं बटण लावायचं. दोन्ही बटणं एकाच बेलला, एकाच रिलेला. वायर बोळाच्या भिंतीवरून नेली की झालं. बटण बॅगेतच होतं. मी भिंतीवर पेन्सिलनं खूण केली.

"काय करू लागलीस?" काकू मागून आल्या.

मी मोठ्यानं सांगितलं. यादम्मा इथूनच येते, हाक मारते, तुम्हाला ऐकू येत नाही. इथं एक बटण लावते.

"लाव ना. बरं होईल," काकू म्हणाल्या. मग यादम्माकडे बघून, "पण तू पुढची बेल कामून वाजवत नाहीस? एवढी दिव्यांची दिवाळी कुणासाठी केली मग?"

यादम्मा जाळीवरचा कसलासा डाग नखानं खरवडत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "तुमच्या सासूबाईंनी मनाई केली होती म्हणे."

काकूंनी मला ते परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं, आणखी मोठ्यानं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली.

काकू स्टुलावर बसल्या. हळू म्हणाल्या, "ऐकलं होतं मी ते. इथंच पोळ्या लाटत होते. नवी होते, सासूबाईंपुढे काय बोलणार? मग त्या गेल्या. घरातला टेलिफोन गेला, चूल गेली, पितळेची भांडी गेली. हे एक तसंच राहिलं बघ."

मी ड्रिल मशीनची पिन सॉकेटमध्ये लावली होती. बोट स्विचवर होतं.

"थांब," काकू म्हणाल्या. "नको लावू."

"काकू, तासाभराचं काम आहे. नाहीतर श्रीकांत..."

"मला कळतंय. पण इथं बटण लावलंस तर माझ्या सासूचा नियम तू सिमेंटमध्ये बसवून देशील. आणि परत मीच मिरवत म्हणणार, बघा, तिच्यासाठी वेगळी बेल लावली." त्या उठल्या. "यादम्मा, चप्पल उचल. पुढून ये."

"नक्को अम्मा, काम पडा है..."

"पुढून ये म्हणते ना!"

यादम्मा बोळातून पुढं गेली. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. काकू मुद्दाम आत, स्वयंपाकघरात. यादम्मानं बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात पदराला पुसला. एका बोटानं बटणाला शिवली न शिवली आणि हात मागे घेतला, तापल्या तव्याला लागावा तसा.

चिमणी अर्धीच चिवकली. दिवे लागलेच नाहीत.

"देखे?" यादम्मा म्हणाली. "मेरे हात से नै बजती."

मी हसले, पण ते हसण्यासारखं नव्हतं. दाब इतका थोडका होता की रिलेची टोकं टेकून लगेच सुटली, आणि अशी निसटती थाप सेन्सर गडबड समजून सोडून देतो. "तुमारे हात में कुच नै है," मी म्हटलं. "जोर से दबाव. दबा के रखो. कोन डांटता देखतूं मैं."

तिनं दाबलं. अंगठ्यानं, दात आवळून, आणि सोडेचना. चिमणीनं आकांत मांडला. हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली, सगळे दिवे लुकलुकायला लागले. आतून काकूंचा आवाज आला, "आले, आले! अगं, बटण तोडशील!"

दार उघडलं.

"कोन है?" काकूंनी समोर उभं असलेल्या माणसालाच विचारलं.

"मैं, अम्मा."

"मैं कौन?"

"यादम्मा," ती म्हणाली, आणि दोघी मोठ्यानं हसल्या. काकूंनी दाराचा दुसरा पल्लाही उघडला. त्याची गरज नव्हती.

दुपारी मी सामान काढून नेलं नाही. उलट एक वेगळा रिले आणून लावला. त्यात टायमर असतो. बटण कितीही हलकं दाबलं तरी तो टोकं थोडा वेळ टेकवून धरतो, म्हणजे बिचकत दाबणाऱ्याचीही नोंद होते. बोटाला यंत्राची सवय लावण्यापेक्षा यंत्राला बोटाची सवय लावणं स्वस्त पडतं.

वेणू सरांना सगळं सांगितलं. "म्हणजे प्रॉब्लेम टेक्निकल नव्हता," ते म्हणाले.

"अर्धा होता."

"तिकिटात कारण काय लिहू?"

"लिहा, युजरला बटण वापरायची परवानगी नव्हती."

त्यांनी खरंच तसं लिहिलं. सॉफ्टवेअरवाल्यांनी पासवर्डचा घोटाळा समजून त्यावर दोन मेल पाठवले.

श्रीकांत महिन्याअखेर ठरल्याप्रमाणे आला. सकाळी तो हॉलमध्ये पेपर वाचत असताना बेल वाजली, दिवे लुकलुकले. तो उठायच्या आत काकू दारापाशी पोचल्या. त्यानं मला फोन केला. "मॅडम, काय बदललंत नेमकं?" मी म्हटलं, रिले. बाकीचं त्याच्या आईनं बदललं होतं, ते तिनं सांगावं.

तेव्हापासून कुठल्याही घराचा सर्व्हे करताना मी वायरिंगच्या आधी एक प्रश्न विचारते: तुमच्याकडे रोज कोण कोण येतं, आणि आलं की ते काय करतात? लोकांना वाटतं मी चौकशा करते. करतेच. दाराशी आलेल्या माणसानं बटणाला हातच लावायचा नाही असं ठरलेलं असेल, तर जगातला सगळ्यात महाग सेन्सरही मुका.

आमचा आता मलकपेठलाच फ्लॅट आहे. फ्यूजच्या जागी एमसीबी आहेत आणि ते कुणी खिशात घालून नेत नाही. बेल मी स्वतः लावली आहे. आई बाजारातून आली की अजून जिन्यातूनच हाक घालते. मी तिला बेल दाबायला सांगत नाही. हाक ऐकू आली की उठून दार उघडते.

मालतीकाकू तारनाक्यालाच आहेत. सामान बांधलं गेलं नाही. यादम्मा रोज सकाळी पुढच्या दाराशी येते, बेल दाबते, आणि दार उघडतं.